चेहऱ्यावरचे डाग आणि वांग: ट्यूब घेण्याआधी आणि घेतल्यावर

सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर डागांसाठी येणारं गिऱ्हाईक डाग क्वचितच दाखवतं. ते पिळून संपलेली ट्यूब दाखवतं. "ताई, हीच द्या. जावेला लई गुण आला." जावेचे डाग मुरमांचे असतात, हिच्या गालावर वांग असतं आणि ट्यूबमध्ये तिसरंच काहीतरी असतं. गर्दीच्या वेळी फार्मसिस्टला पुरतं सांगता येत नाही, म्हणून सगळं क्रमानं इथं लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. हा लेख गोरं होण्यासाठी नाही. तुमचा मूळ रंग बघायचा असेल तर दंडाची आतली बाजू खिडकीच्या उजेडात धरा. ऊन न लागलेली ती कातडी बघा, चेहरा फार तर तिथपर्यंत येतो. त्याच्या पुढं नेतो म्हणणाऱ्या क्रीममध्ये काय घातलेलं असतं, ते पुढे येईलच.

डाग पडतो कसा

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. ऊन लागलं, मुरूम फुटला, कातडी घासली गेली, भाजली, अंगातली संप्रेरकं बदलली, की या पेशी जादा रंग बनवतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत त्या फार तत्पर असतात, त्यामुळे मुरूम गेला तरी त्याची तपकिरी खूण मागे राहते.

हा रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि थर झिजत जातो तसा फिकट होतो. वरचा थर नव्यानं यायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. रंग खालच्या थरात झिरपला असेल तर डाग राखाडी, निळसर दिसतो आणि तो जायला वर्षंसुद्धा लागू शकतात. यातून दोन गोष्टी निघतात. घासून डाग जात नाही, उलट घासणं हीच पेशींसाठी इजा असते. आणि ‘सात दिवसांत फरक’ असं ज्या खोक्यावर लिहिलंय, ते ठेवलं त्या फळीवर परत ठेवावं.

पहिलं काम: डाग ओळखणं

सकाळी तोंड धुऊन, काहीही न लावता खिडकीशी उभं राहा. समोरून, डावीकडून, उजवीकडून मोबाईलवर फोटो काढा, फिल्टर बंद करून. पुढे दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळेला पुन्हा काढा. रोज आरशात बघणाऱ्याला हळूहळू होणारा फरक कळत नाही आणि चांगलं चाललेलं औषध तो मध्येच सोडतो.

आता बघा, डाग आहे कुठे आणि कसा.

जिथं मुरूम, फोड किंवा जखम होती नेमका तिथंच डाग असेल, तर तो मागे राहिलेला डाग. काचेचा स्वच्छ ग्लास त्यावर हलका दाबून बघा. दाबल्यावर डाग पुसल्यासारखा झाला तर तो लालसर डाग आहे, तिथं अजून रक्तपुरवठा वाढलेला आहे. रंग तसाच राहिला तर ते मेलॅनिन. मुरूम अजून येत असतील तर डागांच्या मागे लागू नका, आधी मुरूम थांबवा. नाहीतर जुना डाग जातोय आणि नवा पडतोय, हे वर्षभर चालू राहतं.

दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर, वरच्या ओठावर, साधारण दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला तपकिरी पट्टा म्हणजे वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आई-मावशीला असणं आणि ऊन ही त्याची ठरलेली कारणं. पुरुषांनाही होतं, पण ते दाखवायला फार उशिरा येतात. वांग हा चिवट प्रकार आहे, त्यामुळे पुढचा बराच मजकूर त्यावरच आहे.

मानेवर, काखेत जाडसर, मखमलीसारखा काळेपणा असेल तर तो मळ नाही. घरोघरी पोरींना यावरून बोलणी बसतात, "मान घासत नाहीस काय?" म्हणून. बऱ्याचदा हा काळेपणा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असतो. वजन, साखर, पाळीची अनियमितता तपासा. वजन उतरलं की मानही उजळू लागते. दगड किंवा प्लॅस्टिकची घासणी वापरली तर जास्तच काळी पडते.

टिकलीच्या जागी, केसांच्या कडेला किंवा कानामागे काळपट पट्टा आला तर टिकलीचा गोंद, कुंकू, हेअर डाय, अत्तर यांच्याकडे संशयानं बघा. काळी मेंदी आणि बहुतेक हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, ते अनेकांना बाधतं. टिकलीच्या जागी उलट पांढरा डाग पडत असेल तर टिकली त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

चिकनगुनिया होऊन गेल्यावर काहींच्या नाकाच्या शेंड्यावर काळपट डाग येतो. बहुधा तो काही महिन्यांत आपोआप फिका होतो, त्यावर कडक क्रीम लावायची गरज नसते. हाताच्या बोटांची पेरं काळवंडली असतील आणि तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. गालावर, डोळ्यांखाली वाढत्या वयात येणारे बारीक, उंचट काळे ठिपके क्रीमनं जात नाहीत. ते त्वचारोगतज्ज्ञ छोट्या उपकरणानं पाच-दहा मिनिटांत काढतात.

आणि हे दोन प्रकार घरी ठेवायचेच नाहीत. एक, फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर पूर्ण बरा होतो. दुसरा, वाढणारा, कडा वेड्यावाकड्या होणारा, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ. तळहात, तळपाय आणि नखाखाली नव्यानं आलेली काळी रेघ यांच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण आपल्याकडे कातडीचा वाईट कर्करोग तिथं लपतो.

दुसरं काम: ऊन

याला मी सगळ्यात जास्त जागा देते, कारण बाकीची सगळी औषधं इथंच वाया जातात. हजार रुपयांचं सिरम रात्री लावायचं आणि दुपारी उघड्या तोंडानं स्कूटीवरून विश्रामबागेतून मिरजेला जायचं, म्हणजे पैसे कृष्णेत सोडणं.

मार्च ते मे आपल्या भागात दुपारचा यूव्ही निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ११ च्या वर जातो, जगाच्या मोजपट्टीवर तो ‘अतितीव्र’ गटात येतो. पण ढग आले म्हणून सुटका नाही. वांग वाढवणारे यूव्हीए किरण ढगातून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. एसटीत नेहमी खिडकीशी बसणाऱ्यांचा एक गाल दुसऱ्यापेक्षा काळा असतो तो यामुळेच. शिवाय वांगाच्या बाबतीत साधा दिसणारा उजेड आणि उष्णता या दोन्ही गोष्टीही त्रास देतात. चुलीपुढे, भट्टीपुढे किंवा गुऱ्हाळाच्या काहिलीपुढे रोज तासन् तास उभं राहणाऱ्यांचं वांग सावलीत असूनही हटत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय कापड. भांगलणीला, द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात आणि तोंडाला ओढणी गुंडाळतात, ते शास्त्राला धरूनच आहे. फक्त ओढणी घट्ट विणीची आणि गडद रंगाची घ्या. पातळ, फिक्या जॉर्जेटमधून ऊन सरळ आत येतं. उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं तर ती उपयोगाची नाही. त्यावर रुंद काठाची टोपी घातली की उत्तम. घामानं भिजलेली ओढणी दिवसभर तोंडावर घासत असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बदला.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि पीए+++ (ही यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) एवढं बघा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, अडवतो, ५० साधारण ९८ टक्के. त्यामुळे १०० च्या आकड्यासाठी जादा पैसे घालवू नका. वांग असेल तर मात्र रंगीत सनस्क्रीन शोधा, ज्याच्या घटकांत आयर्न ऑक्साइड लिहिलेलं असतं. दिसणारा उजेड तेच अडवतं. सावळ्या चेहऱ्यावर साधं सनस्क्रीन पांढरट पडतं ही तक्रारही त्यानं मिटते.

माप चुकणं ही सार्वत्रिक गोष्ट आहे. तर्जनी आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. या हिशेबानं ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी साधारण सहा आठवड्यांत संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल तर तुम्ही लावत नाही, हुंगता. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसल्यावरही. घरात असणाऱ्यांनी सकाळी एकदा आणि दुपारी बाराच्या सुमारास एकदा लावलं तरी चालेल. महिन्याला मोजकेच पैसे असतील तर ते सनस्क्रीनवर घाला आणि सिरम राहू द्या.

तिसरं काम: काही गोष्टी बंद करणं

पहिले तीन-चार आठवडे चेहऱ्यावर फक्त तीन वस्तू: सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी सगळं थांबवा. स्क्रब, ब्लीच, कडक साबण, काथ्या, सगळं. बऱ्याच लोकांचा चेहरा एवढ्यानंच शांत होतो.

घरगुती उपायांत सगळ्यात वाईट लिंबू. लिंबाचा रस फार आम्ल असतो आणि त्यातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होऊन जुन्यापेक्षा काळा डाग उठतो. खायचा सोडा उलट टोकाचा, तोही नको. टूथपेस्ट मुरमावर लावणाऱ्यांना काय सांगावं! बेसन-दही, मुलतानी माती यांनी तेलकटपणा तात्पुरता कमी होतो, डाग जात नाहीत. कोरफडीचा गर थंड वाटतो, एवढंच.

आणि हळद. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायचं धाडस करते. आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपली बाजारपेठ देशभर नावाजलेली, तरीही चेहऱ्यावर थापलेल्या हळदीतून औषधी भाग कातडीच्या आत फारच थोडा जातो. सणावारी लावा, हौस म्हणून लावा. पण काहींना हळदीचीही ॲलर्जी असते आणि तिच्या खाजेतून नवे डाग पडतात, एवढं लक्षात ठेवा.

चौथं काम: औषध, एका वेळी एकच

चेहरा शांत झाला की पहिलं औषध आणा. नवं काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तीन रात्री लावून बघा.

माझी पहिली पसंती ॲझेलिक ॲसिड, १० ते २० टक्के. मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं, सावळ्या कातडीला सहसा सोसतं. सुरुवातीला चुणचुणतं, म्हणून एक रात्र आड लावा आणि दोन आठवड्यांनी रोज. नियासिनमाइड ४-५ टक्के हा सौम्य पर्याय, ज्यांची कातडी लगेच चिडते त्यांच्यासाठी. व्हिटॅमिन सी सकाळी सनस्क्रीनच्या आधी लावतात. चांगलं आहे, पण बाटली उघडल्यावर तपकिरी झालं की त्यात दम राहत नाही आणि सांगलीच्या उन्हाळ्यात ते लवकर होतं. फ्रिजमध्ये ठेवा.

मुरूम आणि डाग दोन्ही असतील तर डॉक्टर ॲडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन देतात. ते रात्रीच, वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला. डागावर ठिपके देऊन लावायचं नाही. पहिले काही आठवडे कोंडा सुटल्यासारखी कातडी निघते. सोसवेना झालं तर दोन रात्री सोडा आणि आधी मॉइश्चरायझर लावून मग औषध लावा. हे औषध चालू असताना अप्पर लिपचं वॅक्सिंग करू नका, कातडी सोलून निघते आणि ओठावर महिनोन् महिने काळी पट्टी राहते. पार्लरमध्ये बसल्यावर हे आठवत नाही, म्हणून जाण्याआधी आठवडाभर औषध थांबवा.

तीन-चार सिरमं एकदम लावू नका. कातडी जळजळली की पुन्हा रंग वाढतो. पहिला खरा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्याआधी फोटो बघून निराश व्हायचं कारण नाही.

ती ट्यूब

आता काउंटरवरच्या रिकाम्या ट्यूबबद्दल.

१९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी डागांसाठी तिहेरी मिश्रण मांडलं: हायड्रोक्विनोन (रंग बनणं कमी करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड (दाह उतरवणारं औषध). त्यातूनच आजच्या तीन-औषधी क्रीम निघाल्या. वांगावर हे मिश्रण खरोखर चालतं, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रात्री, साधारण आठ ते बारा आठवडे. आपल्याकडे मात्र हीच ट्यूब जाऊबाईकडून, पार्लरमधून, कुणाच्या तरी सांगण्यावरून वर्षानुवर्षं फेस क्रीम म्हणून लावली जाते.

पहिल्या दहा दिवसांत चेहरा उजळ, गुळगुळीत होतो. गुण आला म्हणतात तो हाच, आणि तो स्टेरॉइडचा. मग कातडी पातळ होते. उन्हात गेलं की चेहरा लाल होऊन जळतो, गालावर बारीक शिरा दिसू लागतात, बारीक मुरमं उठतात, बायकांना हनुवटीवर लव वाढते. क्रीम थांबवली की दोन-तीन दिवसांत सगळं भडकतं, म्हणून माणूस पुन्हा लावतो. व्यसनासारखं चक्र चालू होतं. हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षं लावलं तर डाग निळसर काळे होऊन कायमचे बसू शकतात.

तुमच्या ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यांपैकी नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं त्वचेवर लावायच्या अशा क्रीम शेड्यूल ‘एच’मध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. चिठ्ठी मागितली की काउंटरवर रुसवे होतात. होऊ देत. बरेच महिने लावत असाल तर मात्र एका रात्रीत बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते हळूहळू उतरवतात.

याहून वाईट म्हणजे लेबल नसलेली ‘नाईट क्रीम’, प्लॅस्टिकच्या डबीतली. तिच्यात पारा असू शकतो. आपल्या देशात चेहऱ्याच्या अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला चालतो तो फक्त दशलक्ष भागांत एक भाग. अकोल्यात एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाल्याचं २०२३ च्या सुरुवातीला समोर आलं, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत पारा सापडला होता. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी नसेल तर घेऊ नका. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असेल तर ती सरळ पाऱ्याची खूण समजा.

पाचवं काम: डॉक्टर कधी

तीन महिने सनस्क्रीन आणि एक औषध नेमानं वापरून फोटोत फरक नसेल, डाग राखाडी असेल किंवा वांग पसरत असेल तर जा. पाटीवर एम.डी. (त्वचारोग) किंवा डी.डी.व्ही.एल. बघा. ‘स्किन क्लिनिक’ एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. खाजगी फी परवडत नसेल तर सांगलीच्या किंवा मिरजेच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घेऊन जा, लाज वाटली तरी.

तज्ज्ञ कदाचित थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासतील. हट्टी वांगाला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात. घरात किंवा तुम्हाला रक्ताच्या गुठळ्यांचा, पक्षाघाताचा इतिहास असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते न विचारता सांगा. ही गोळी मैत्रिणीच्या चिठ्ठीवर कधीच घेऊ नका. पील्स (औषध लावून कातडीचा वरचा थर सोलून काढणं) सावळ्या कातडीला सौम्य ताकदीनं, अंतरा-अंतरानं करून घ्यावेत. लेसरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. आपल्या रंगाला लेसरच्या उष्णतेनंच नवे डाग पडू शकतात आणि वांग तर त्यानंतर परत येतं. पॅकेज विकणाऱ्यापेक्षा नकार देणाऱ्या डॉक्टरवर मी जास्त भरवसा ठेवते.

लग्न ठरलेल्या मुलींना एक सांगते. तयारी किमान सहा महिने आधी सुरू करा. शेवटच्या महिन्यात काहीही नवं नको. पील केलं असेल तर हळदीच्या दिवशी चेहऱ्यावर हळद लावून घेऊ नका, हाता-पायाला लावा. सासूबाईंना वाईट वाटलं तर डॉक्टरांचं नाव सांगा.

वांग उतरलं की औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसार कमी करत जातात, पण सनस्क्रीन थांबवायचं नाही. द्राक्षबागायतदार डाऊनी (वेलीवरचा बुरशीचा रोग) गेला म्हणून फवारणी बंद करत नाही, तसंच हे. फेब्रुवारीत बेदाणा शेडचं काम सुरू होतं तेव्हा, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात, वांग डोकं वर काढतं. त्या दोन्ही वेळी नेम आधीपासून घट्ट ठेवा.

गरोदरपणात आणि दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असताना ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन, हायड्रोक्विनोन आणि ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्या नकोत. कापड, रंगीत सनस्क्रीन आणि डॉक्टरांना विचारून ॲझेलिक ॲसिड, एवढं चालतं. गरोदरपणात आलेलं वांग पुष्कळ जणींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरंचसं फिकं होतं, त्यामुळे बाळ अंगावर पीत असेपर्यंत याहून पुढं जायची घाई करू नका.